दोषाचं हक्कसोड पत्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूरच्या जगनाथ बुधवारीत सकाळपासून जी गर्दी होते ती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून समजत नाही. मारबत म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, त्याची मिरवणूक निघते; काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, म्हणजे माझ्या आजीनं पाहिली, तिच्या आईनंही पाहिली असेल. बाया लहान पोरं कडेवर घेऊन ओट्यावर उभ्या राहतात आणि मारबत समोर आली की सगळ्या एका सुरात ओरडतात, ईडा पीडा, खोकला ताप, रोगराई घेऊन जा गे मारबत! मी सहा-सात वर्षांची असताना त्या दिवशी आतल्या खोलीत गव्हाच्या कोठीमागे जाऊन बसायची, मारबत पार गेली, ढोलताशांचा आवाज गांधीबागेकडे विरला की मगच बाहेर यायची. घरच्यांना वाटे पोट्टी त्या मोठ्या पुतळ्याला भिते. मी पुतळ्याला भीत नव्हते. आमच्या घरातली ईडापीडा म्हणजे मीच, आणि आजीनं जोरात हाक मारली तर मारबत मलाच उचलून नेईल आणि गावाबाहेर नेऊन जाळेल, असं मला वाटायचं, आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याचं कारण असं की माझा जन्म 1981 चा, आईच्या माहेरी उमरेडला, आणि पोरगी झाल्याचा निरोप ऐकून बाबा रात्रीच नागपूरहून स्कूटरनं मला बघायला निघाले ते पोचलेच नाहीत. उमरेड रोडवर ट्रकला धडकले. आजीचा तो मोठा मुलगा. तेव्हापासून घरात एक वाक्य फिरत राहिलं, कधी तोंडावर, कधी पाठीमागे, "पोट्टीले पाहाले गेला अन् गेला." पांढऱ्या पायाची हा शब्द मी अर्थ कळायच्या आधी ऐकला आहे, आणि बरीच वर्षं मी खरंच आपले पाय बघायची की ते बाकीच्यांपेक्षा पांढरे आहेत का.

आजी वाईट बाई नव्हती हे मला आधीच सांगायचं आहे, कारण असे लेख वाचताना लोक लगेच म्हातारीला शिव्या घालतात. तिनंच मला शाळेत घातलं, तिच्याच बांगड्या मोडून माझी फी भरली. पण एवढा मोठा मुलगा रात्रीतून गेला तर त्या दुःखाला कुठंतरी टेकायला जागा लागते, आणि घरात सगळ्यात लहान, बोलता न येणारं माणूस मी होते.

आता मी वकील आहे, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते आणि माझं निम्मं काम वारसाचं आहे. वारसान, उत्तराधिकार प्रमाणपत्र, फेरफार, वाटणी, बक्षीसपत्र, हक्कसोड. माणूस गेला की त्याच्या मागं काय काय उरतं आणि कोणाकडं काय जातं हे मी रोज बघून राहिले आहे. त्यामुळे मला जे म्हणायचं आहे ते मी माझ्या धंद्याच्या भाषेतच म्हणते. शेत वारशानं येतं, घर येतं, दागिने येतात, नावसुद्धा येतं. दोष येत नाही. जो दोष आपल्याला आपल्या जन्मामुळे, आपल्या घराण्यामुळे, आपल्या आधी होऊन गेलेल्या गोष्टीमुळे चिकटवलेला आहे तो आपला नाही, आणि तो नाकारायचा हक्क प्रत्येकाला आहे, अगदी ज्यांनी तो चिकटवला त्यांच्यावर आपलं प्रेम असलं तरी.

काटोलकडचा एक पोरगा माझ्याकडे आला होता, पंचविशीचा असेल. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज घेतलं, संत्र्याचा बगीचा वाळला, आणि वडिलांनी जीव दिला. हा पुण्यात नोकरीला. दर महिन्याला पगारातले दहा-बारा हजार पतसंस्थेला पाठवत होता, सलग चार वर्षं, आणि मला विचारायला आला होता की अजून किती राहिलं. मी कागद पाहिले. वडिलांच्या नावावर शेत नव्हतंच, शेत आजोबांच्या नावावर, ह्यानं कर्जावर जामीन म्हणून सही केलेली नव्हती, वडिलांकडून त्याच्या हातात आलेलं काय तर एक जुनी मोटारसायकल. मी म्हटलं, बाबू, कायद्यानं तू काहीच लागत नाहीस. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, पण मी त्या दिवशी फोन उचलला नव्हता ना."

तो चार वर्षं कर्ज फेडत नव्हता. फोन न उचलल्याचे हप्ते भरत होता.

आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात एक तत्त्व होतं, बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं पवित्र कर्तव्य. बाप कर्जात मेला तर त्याला परलोकात सुटका नाही, म्हणून मुलानं, नातवानं, पणतूनं ते फेडायचं, आणि कोर्टसुद्धा ह्या आधारावर वसुली करून द्यायचं. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, आणि तिच्यात स्पष्ट लिहिलं की फक्त पवित्र कर्तव्य आहे एवढ्या कारणावरून ह्यापुढच्या कर्जासाठी मुलगा-नातू-पणतूवर वसुली चालणार नाही. आणि वारसावर हुकूमनामा बजावायचा झाला तरी मेलेल्या माणसाची जेवढी मिळकत त्याच्या हातात आली तेवढ्यापुरताच तो जबाबदार, हे तर 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 50 मध्ये पहिल्यापासून आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ आपला कायदा म्हणतोय की जितकं मिळालं तितकंच देणं. घरं मात्र अजून त्या जुन्याच नियमावर चालून राहिली आहेत, मिळालं काहीच नाही तरी देणं पूर्ण.

आणि ह्यात पोरींचं वेगळंच आहे. त्याच 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मानं हक्क दिला, महाराष्ट्रात तर त्याची सुरुवात 1994 लाच झाली होती, सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला हेही साफ केलं की 2005 ला बाप जिवंत होता की नव्हता ह्यानं काही फरक पडत नाही. तरीही दर आठवड्याला माझ्याकडे बहिणी येतात हक्कसोड पत्रावर सही करायला, बाजूला भाऊ उभा, वहिनी उभी. मी विचारते, ताई, राजीखुशीनं करून राहिल्या ना? हो म्हणतात. मग भाऊ स्टॅम्पचं बघायला बाहेर गेला की हळूच सांगतात, बाबांनी माझ्या लग्नात कर्ज काढलं होतं. माझ्या बाळंतपणात आई आजारी पडली. मी पळून लग्न केलं म्हणून बाबांना अटॅक आला. एकीनं तर सांगितलं की चौथी मुलगी म्हणून जन्मले, बाबांना खर्चात टाकलं. जन्मले! तिच्या वाट्याची सव्वा दोन एकर ओली जमीन ती जन्माला आल्याची भरपाई म्हणून सोडून देत होती. ज्यांना खरंच भावाला द्यायचं आहे त्यांनी खुशाल द्यावं, मी त्यात पडत नाही, पण अपराधीपणावर घेतलेली सही ही राजीखुशीची सही नसते, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

म्हणून मला हा विषय नुसता मनाचा वाटत नाही. काही लोक म्हणतात ही ज्याच्या त्याच्या डोक्यातली गोष्ट आहे, पॉझिटिव्ह विचार करा, सकाळी उठून आरशात बघून मी चांगली आहे असं म्हणा. अशानं काही होत असेल तर होवो बाप्पा, पण मला दिसतं ते असं की अपराधीपणा चिकटवण्यात बऱ्याचदा कोणाचा तरी फायदा असतो. पोरगी दोषी असली की जमीन भावाकडे राहते. सून पायगुणाची नसली की माहेरून आणखी आणता येतं. घरात पितृदोष निघाला की शांती करावी लागते आणि शांतीची दक्षिणा ठरलेली असते. नारायण नागबळीला त्र्यंबकेश्वरला जायला व्याजानं पैसे काढणारी माणसं मी पाहिली आहेत, का तर पोराचं लग्न जमत नाही आणि ज्योतिषानं सांगितलं की खापरपणजोबाची इच्छा राहिली. ज्यांना आपल्या गेलेल्या माणसांची आठवण म्हणून श्राद्ध करायचं, रामटेकला अंबाळ्यावर जायचं, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये, मीही बाबांच्या तिथीला घरी स्वयंपाक करते. पण आठवण वेगळी आणि भीती वेगळी.

सरकारनंही हेच करून पाहिलं आहे. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पूर्ण जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पोर पाळण्यात आहे आणि गुन्हेगार आहे. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. आपल्या विदर्भात पारधी बेड्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर, जाऊन विचारा तो गेला का. गावात चोरी झाली की गाडी पहिले बेड्यावर जाते, आणि तिथला शाळेत जाणारा पोरगा पोलीस दिसला की काही केलेलं नसताना पळतो, आणि पळाला म्हणून पकडला जातो. एका पोराची जामिनाची केस मी चालवली, त्याला विचारलं काऊन पळाला बे, तर म्हणाला, "आमच्यातले पळतेतच." चौदा-पंधरा वर्षांचा. कायदा जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यानं स्वतःबद्दल जे मानलं होतं ते त्या कायद्याचंच वाक्य होतं.

साताऱ्यात 2011 ला नकुशी नावाच्या पोरींची नावं बदलायचा कार्यक्रम झाला होता, अडीचशेच्या वर पोरी होत्या, बऱ्याच जणींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं. मला त्यातलं हे स्वतः निवडणं फार महत्त्वाचं वाटतं.

आता कोणी म्हणेल कर्माचा सिद्धांत आपल्याच मातीतला आहे, तू वकील होऊन शहाणपणा शिकवून राहिली. ठीक आहे, मग मातीतलीच गोष्ट घेऊ. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, नारद विचारतो की हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस ते त्यात वाटेकरी होतील का, वाल्या घरी जातो, बायकोला विचारतो, पोरांना विचारतो, आणि सगळे म्हणतात नाही, तुमचं पाप तुमचं. आपण ही गोष्ट सांगताना लगेच पुढं वारुळाकडं जातो. त्या पोरांकडं कोणी बघतच नाही. ती पोरं बापाच्या तोंडावर नाही म्हणाली, आणि गोष्टीत त्यांना कोणी कृतघ्न म्हणत नाही, उलट त्यांच्या त्या नाही म्हणण्यामुळेच बाप सुटला! पोरं हो म्हणाली असती तर वाल्या वाल्याच राहिला असता. पाप वाटून घेता येत नाही हे आपल्या आजीच्या गोष्टीतच सांगितलेलं आहे, आपण ते ऐकलं नाही.

आणि आपण नागपूरचे लोक, आपल्याला तर हे बाहेरून शिकायची गरजच पडू नये. 14 ऑक्टोबर 1956 ला ह्याच गावात लाखो माणसं जमली, ज्यांना पिढ्यानपिढ्या सांगितलं होतं की तुमचा जन्मच मागच्या जन्माच्या पापाची शिक्षा आहे, आणि बाबासाहेबांनी त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही हेही आहे. मी स्वतः बौद्ध नाही, पण त्या प्रतिज्ञा जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा एक गोष्ट मनात राहते, की त्या "मी" नं बोललेल्या आहेत, मी मानणार नाही, मी करणार नाही. आणि मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, उघड्यावर, एकमेकांच्या देखत. चार लोकांच्या देखत लावलेला दोष चार लोकांच्या देखतच उतरवावा लागतो, असं मला त्यावरून समजलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गाव-खेड्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायांची चाल बघा एकदा. मान खाली नसते.

पण इथंच एक अडचण आहे आणि ती टाळून पुढं जाणं बेइमानी होईल. दोष वारशानं येत नाही हे वाक्य सगळ्यात जास्त कोणाला आवडतं? ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्यांना खाली ठेवलं त्यांना. आमच्याच घरचं सांगते. माझ्या पणजोबांची भिवापूरकडे मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, होती, छोटीच, दीड गावाची. 1951 ला मालगुजारी संपली पण घरची काही जमीन राहिली, वाडा राहिला आणि वाड्यासमोरची विहीर राहिली. त्या विहिरीवर गावातल्या एका वस्तीला पाणी भरू देत नव्हते, त्यांच्या बाया नाल्याकाठी झिरे खोदून पाणी घ्यायच्या, हे मला आमच्याच चुलत आजोबांनी अभिमानानं सांगितलेलं आहे. आता फॅमिली ग्रुपवर आरक्षणाचा विषय निघाला की माझा एक चुलतभाऊ नेहमी लिहितो, आम्ही काय केलं, आमचा काय दोष. मी त्याला लिहिलं, तुझा दोष काहीच नाही रे, विहीर कोणाच्या सातबाऱ्यावर आहे ते सांग.

मला कलम 50 इथं फार कामाचं वाटतं. जितकं हातात आलं तितकी जबाबदारी. काटोलच्या पोराच्या हातात काही आलं नव्हतं, त्याला काही लागत नाही. माझ्या हातात आलं आहे. त्या जमिनीतला माझा वाटा विकून मी एलएलबीचं शिक्षण पूर्ण केलं, तर तेवढ्यापुरतं मला देणं लागतं, आणि ते देणं म्हणजे रडणं नाही, रात्री झोप न येणं नाही, कोणासमोर नाक घासणं नाही. देणं म्हणजे देणं. त्या वस्तीतल्या लोकांच्या गावठाणाच्या केसची मी फी घेत नाही आणि हे उपकार म्हणून नाही, हप्ता म्हणून. पणजोबांचं पाप माझं नाही, पण पणजोबांची मिळकत माझी आणि तिचा बोजा मात्र कोणाचाच नाही, असं कोणत्याही कोर्टात चालत नाही. नुसता अपराधीपणा बाळगणारा माणूस बऱ्याचदा काहीच करत नाही, तो वाईट वाटून घेण्यातच थकून जातो, हे मी माझ्यावरूनच सांगते.

मानसशास्त्रातले लोक अपराधीपणा आणि शरम ह्यात फरक करतात. मी चूक केली हे वाटणं वेगळं, मीच चूक आहे हे वाटणं वेगळं. पहिल्यातून माणूस माफी मागतो, भरपाई करतो, सुधारतो. दुसऱ्यातून काहीच निघत नाही, कारण स्वतःच्या असण्याची भरपाई कशी करणार? काटोलच्या पोराला मी कायदा समजावून सांगितला पण त्याचा चेहरा तसाच होता, मग मी त्याला 14416 नंबर दिला, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 2022 पासून, फुकट आहे, मराठीत बोलतात, कारण काही गोष्टी वकिलाच्या टेबलावर सुटत नाहीत.

मी स्वतः काय केलं ते सांगते. मी कागद शोधला. इतकी वर्षं मी लोकांचे पंचनामे वाचते, ॲक्सिडेंटच्या केसेस चालवते, आणि स्वतःच्या बापाचा पंचनामा मी चाळीस वर्षांची होईस्तोवर कधी मागितला नव्हता. कारण मला आधीच माहीत होतं ना दोष कोणाचा. आजी गेल्यावर तिची लोखंडी पेटी उघडली तर खाली, लुगड्यांच्या घड्यांखाली, अपघात नुकसानभरपाईच्या दाव्याचा निकाल होता. सात पानं, टाइप केलेला, इंग्रजीत. आमच्या घरात तेव्हा कोणालाच इंग्रजी येत नव्हतं. पैसे मिळाले तेवढं त्यांना कळलं, त्यातून घरावर स्लॅब पडला, कागद पेटीत गेला. त्यात लिहिलं होतं की ट्रक रस्त्याच्या मधोमध बिघडून उभा होता, अंधार होता, मागचा दिवा बंद होता, ड्रायव्हरनं दगड किंवा फांद्या काहीच लावलं नव्हतं, आणि अपघात पूर्णपणे ट्रक ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे झाला. स्कूटर चालवणाऱ्याची काहीही चूक नाही असंसुद्धा वेगळं वाक्य होतं. म्हणजे ह्या गोष्टीचा निकाल लागलेला होता, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा, आणि तो आमच्याच घरात होता.

मी तो निकाल आईला मराठीत वाचून दाखवला, स्वयंपाकघरात, ती खाली बसून मेथी निवडत होती. आईनं मला आयुष्यात कधी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही, म्हणून मला वाटायचं तिच्या मनात काही नाही. दिव्याच्या ओळीपर्यंत आले तेव्हा तिचे हात थांबले.

"दिवा नव्हता?"

"नव्हता."

"मीच निरोप धाडला होता," ती म्हणाली. "किराणावाल्याच्या फोनवर. म्हटलं, आजच या."

चाळीस वर्षं एका घरात आम्ही दोघी दोन वेगवेगळे दोष घेऊन राहत होतो आणि एकमेकींना पत्ता नव्हता. मी काही बोलले नाही. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं, मी वाचलं, मग ती एकच ओळ तिसऱ्यांदा. मेथीच्या काड्या तिनं पेपरात गुंडाळल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "ह्याच्या दोन झेरॉक्स काढून आण. एक तुह्या आत्याले देतो."